स्वादुपिंड किती टक्के चालतंय, ते स्कॅनमध्ये दिसतं का?

पत्र:

नमस्कार डॉक्टरसाहेब,

माझे मिस्टर 46 वर्षांचे आहेत. इतवारीत धान्याचं होलसेलचं दुकान आहे. तीन वर्षांत पॅन्क्रियाटायटिसनं (स्वादुपिंडाच्या सुजेनं) दोनदा ॲडमिट झाले. दुसऱ्या खेपेनंतर दारू सोडली, पण सिगारेट आणि खर्रा सुटत नाही. आता दुखणं बरंच कमी आहे, मात्र वजन 74 वरून 61 वर आलं. संडासला तेलकट होतं, कितीही पाणी टाका, भांड्याला चिकटून राहतं. मागच्या महिन्यात शुगरही निघाली. रक्तातलं अमायलेज, लायपेज नॉर्मल आहे. सोनोग्राफीत लिहिलंय की गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही. डॉक्टरांनी एमआरसीपी (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय) करायला सांगितली आहे.

माझे दीर म्हणतात, “वहिनी, आता नळीगिळी काही नाही, नवा एमआरआय निघाला, पॅन्क्रियाज किती टक्के चालून राहिलं ते फोटोतच येते.” मिस्टरांना नळीची फार धास्ती आहे, म्हणून त्यांना हे पटलं. सासूबाई म्हणतात, इथे वेळ घालवू नका, सरळ हैदराबादला न्या. असा स्कॅन खरंच असतो का? टक्के कळतात का? नागपुरात होईल का? आणि तोवर खायला काय देऊ? सध्या तेल-तूप पूर्ण बंद करून मुगाची खिचडी आणि ताक चालू आहे.

— एक वाचक भगिनी, महाल

उत्तर:

ताई, तुमच्या दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तोंडातून नळी न घालता स्वादुपिंडाचा पाचकरस वाहताना दाखवणारा एमआरआय आहे. तो नवा मात्र नाही, 1990 च्या दशकाच्या शेवटापासून वापरात आहे. आणि टक्के तो देत नाही. रस भरपूर आला, बेताचा आला, जेमतेम आला, एवढं सांगतो. तुमच्या मिस्टरांना आजच त्या तपासणीची गरज आहे असं मला वाटत नाही, कारण तुमच्या पत्रातली भांड्याला चिकटणाऱ्या संडासची ओळ पुष्कळ काही सांगून गेली आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवं पडलेलं असतं. लांबी जेमतेम वीतभर. त्याची कामं दोन. एक म्हणजे दिवसाला सुमारे दीड लिटर पाचकरस तयार करून आतड्यात सोडणं. या रसात चरबी, प्रथिनं आणि पिठूळ पदार्थ पचवणारी एन्झाइम्स असतात, आणि जठरातून आलेलं आम्ल मारायला बायकार्बोनेट असतं. दुसरं काम इन्सुलिन आणि त्याच्या जोडीची हार्मोन्स रक्तात सोडण्याचं. ते करणाऱ्या पेशींची बेटं सगळ्या ग्रंथीच्या एक-दोन टक्केच असतात. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत दोन्ही कामं अडखळलेली दिसतात. तेलकट संडास हे पहिल्याचं लक्षण, शुगर हे दुसऱ्याचं.

आता टक्क्यांचं. या ग्रंथीकडे राखीव ताकद फार मोठी असते. 1973 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी (आपल्या नागपुरातल्या मेयो हॉस्पिटलशी त्याचा संबंध नाही) दाखवून दिलं की चरबी पचवणारं लायपेज नेहमीच्या साधारण दहा टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत संडासमध्ये चरबी दिसायला लागत नाही. म्हणजे नव्वद टक्के काम बसेपर्यंत माणूस पुरणपोळीवर तूप घेऊन खातो आणि त्याला काही कळत नाही. तेव्हा तुमच्या वर्णनातला तेलकटपणा खरोखर न पचलेल्या चरबीचा असेल, तर दीर विचारतात त्या टक्क्यांचा ढोबळ अंदाज आताच आलेला आहे, आणि तो चांगला नाही. “असेल तर” हे शब्द मी मुद्दाम वापरले. जिआर्डियासारख्या जंतूंनी, आतड्याच्या काही आजारांनी किंवा पित्त अडल्यानंही संडास तेलकट होऊ शकते. म्हणून खात्री करून घ्यायची, आणि ती स्कॅननं होत नाही.

त्याआधी एका गैरसमजाबद्दल सांगायला हवं, कारण तो घरोघरी आहे आणि कधीकधी दवाखान्यातही असतो. रक्तातलं अमायलेज-लायपेज नॉर्मल आलं म्हणजे पॅन्क्रियाज ठीक चालतंय, असं नसतं. सूज आली की पेशी फुटून एन्झाइम्स रक्तात सांडतात आणि आकडा चढतो. ती सांडलवंड मोजणारी तपासणी आहे, कामाची मोजणी तिच्यात नाही. वर्षानुवर्षं सुजून ग्रंथी आतून चिवट झाली, पेशीच कमी उरल्या, तर सांडायलाही फारसं काही राहत नाही. जुनाट पॅन्क्रियाटायटिसमध्ये हा आकडा आरामात नॉर्मल येतो. तुमच्या फाइलमधल्या त्या नॉर्मल रिपोर्टवर कोणी निर्धास्त झालं असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा.

काम मोजायची सगळ्यात सोपी तपासणी शौचाच्या नमुन्याची आहे. तिचं नाव फिकल इलास्टेज. इलास्टेज हे स्वादुपिंडानं सोडलेलं एन्झाइम आतड्यातून जाताना फारसं मोडत नाही, त्यामुळे शौचात ते किती सापडलं यावरून वर किती तयार झालं याचा अदमास येतो. एका ग्रॅममागे 200 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर सहसा ठीक, 100 च्या खाली असेल तर काम बरंच बसलंय, आणि मधला भाग संशयाचा. तपासणीपूर्वी तूप-तेल खायची अट नाही, त्यामुळे तुमच्या मुगाच्या खिचडीनं आकडा बिघडणार नाही. एन्झाइमच्या कॅप्सूल चालू असतील तरी सहसा थांबवाव्या लागत नाहीत, कारण ही तपासणी माणसाचंच इलास्टेज ओळखते. एकच पथ्य आहे. नमुना पातळ, पाण्यासारखा नको. जुलाबात इलास्टेज विरळ होतं आणि चांगल्या पॅन्क्रियाजचाही आकडा खोटा पडतो. ज्या दिवशी बांधीव होईल त्या दिवशीचा नमुना द्या. बऱ्याच लॅब नमुना इथे घेतात आणि तपासायला बाहेर पाठवतात, म्हणून रिपोर्टला काही दिवस लागले तर काळजी करू नका. आणि मे महिन्यात तो डबा गाडीच्या डिकीत ठेवून आधी दुकान, मग लॅब, असं करू नका, सरळ लॅबमध्ये न्या.

आता चित्रांकडे येऊ. सोनोग्राफीत स्वादुपिंड दिसलं नाही यात कोणाची चूक नाही. समोर गॅसनं भरलेलं जठर आणि आतडं असतं आणि ध्वनिलहरी हवेपुढे हात टेकतात. सीटी स्कॅनमध्ये ग्रंथीचा आकार आणि विशेषतः नळीत साचलेले कॅल्शियमचे खडे फार स्पष्ट दिसतात. एमआरसीपीत खडा म्हणजे नळीतली फक्त काळी पोकळी, आणि लहानसा खडा निसटूही शकतो. म्हणून डॉक्टरांनी दोन्ही सांगितले तर ते बिल वाढवायला सांगितलं असं लगेच समजू नका. एमआरसीपीचा जोर वेगळ्या ठिकाणी आहे. ती एमआरआयचीच एक पद्धत आहे, 1991 पासूनची. तिच्यात साचलेलं पाणी पांढरंशुभ्र येतं आणि बाकी सगळं काळवंडतं, त्यामुळे पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्या इंजेक्शनशिवाय उठून दिसतात. किरणोत्सर्ग नाही, तोंडातून नळी नाही. पण साध्या एमआरसीपीत दिसते ती घडण. नळ फिटिंगचा फोटो काढून पाणी किती दाबानं येतं ते कळत नाही, त्यासाठी तोटी उघडावी लागते.

तुमच्या दिरांनी ऐकलेल्या स्कॅनमध्ये नेमकं हेच करतात. तोटी उघडणाऱ्या औषधाचं नाव सिक्रेटिन. जठरातलं आम्ल आतड्याच्या पहिल्या भागात उतरलं की तिथलं अस्तर सिक्रेटिन रक्तात सोडतं आणि स्वादुपिंडाला पाणी आणि बायकार्बोनेट सोडायचा हुकूम मिळतो. 1902 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी ते शोधलं. माणसाला सापडलेलं हे पहिलं हार्मोन, इन्सुलिनच्याही आधीचं. तेच आता इंजेक्शन म्हणून मिळतं.

तपासणी अशी चालते. रुग्ण उपाशीपोटी येतो. आधी त्याला थोडा अननसाचा रस पाजतात. अननसात मॅंगनीज बरंच असतं आणि मॅंगनीजमुळे जठरातलं पाणी चित्रात काळं पडतं, म्हणजे मागच्या नळ्यांवर त्याची चमक येत नाही. (आपल्या संत्र्याला इथे मान नाही. त्यात मॅंगनीज नगण्य असतं.) पोटावर कॉइल नावाची चपटी पट्टी बांधतात, हाताला सुई लावतात आणि मशीनच्या बोगद्यात सरकवतात. आधी साधी चित्रं काढतात. मग सिक्रेटिन साधारण मिनिटभरात हळूहळू सोडतात आणि त्याच जागेचं चित्र दर अर्ध्या मिनिटाला घेत राहतात, दहाएक मिनिटं. ग्रंथी चांगली असेल तर दोन-पाच मिनिटांत मुख्य नळी एखाद मिलिमीटर फुगते, ठळक होते, आतड्याच्या पहिल्या वळशात पांढरा रस भरायला लागतो, आणि दहा मिनिटांच्या आसपास नळी पुन्हा पहिल्यासारखी बारीक होते. रस वळशाच्या सुरुवातीलाच अडखळला तर ग्रेड एक. खालच्या वळणापर्यंत उतरला तर ग्रेड दोन, आणि वळण ओलांडून पुढे गेला तर ग्रेड तीन, म्हणजे नॉर्मल. नळी फुगलीच नाही तर ती आतून कडक झालेली असू शकते. फुगून तशीच राहिली तर पुढे कुठे तरी अडथळा आहे असा संशय येतो. शेवटचा भाग मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो. बारीक अडथळा किंवा जन्मापासूनची नळीची वेगळी जोडणी साध्या चित्रात निसटते, ती अशा वेळी पकडली जाते.

याच्याही मर्यादा आहेत. सिक्रेटिननं पाणी आणि बायकार्बोनेट सुटतं, एन्झाइम्स नव्हे. आजाराच्या सुरुवातीला पाणी भरपूर येऊ शकतं आणि एन्झाइम्स मात्र घटलेली असू शकतात. मग रिपोर्ट ग्रेड तीन आणि माणसाला तूप पचत नाही, असा घोटाळा होतो. शिवाय ग्रेड डोळ्यांनी ठरवायची असते, आणि दोन रेडिओलॉजिस्टांत एका ग्रेडचा फरक पडणं काही नवल नाही. सिक्रेटिन महागही आहे आणि रोज लागणारं औषध नसल्यानं साध्या स्कॅन सेंटरवर सहसा ठेवलेलं नसतं. म्हणून आधी फोनवर विचारायचं, “एमआरसीपी सिक्रेटिन देऊन करता का?” “एमआरसीपी करतो” या उत्तरावर विसंबून गेलात तर साधीच होऊन परत याल, आणि घरात वाटेल की कामाचा स्कॅन झाला.

इंजेक्शनशिवाय रस वाहताना पाहायची युक्ती जपानमधल्या संशोधकांनी काढली आहे. नळीच्या एका टप्प्यावर मशीनच्या लहरींनी काळा पट्टा ओढायचा आणि त्या पट्ट्यात नवा पांढरा रस किती वेळा आणि किती पुढे शिरतो ते काही मिनिटं पुन्हा पुन्हा चित्र काढून बघायचं. कल्पना मोठी देखणी आहे. दुसरी पद्धत टी-वन मॅपिंगची. निरोगी स्वादुपिंड प्रथिनांनी गच्च भरलेलं असल्यानं एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात ते पोटातल्या इतर अवयवांपेक्षा उजळ दिसतं. आत चिवट तंतू वाढले की उजळपणा घटतो, आणि तो किती घटला त्याला आकडा देता येतो. पुढे टक्क्यांच्या जवळ जाणारं काही निघालं तर ते याच वाटेनं निघेल असं माझं मत आहे. आज मात्र हा आकडा मशीनगणिक बदलतो. एका सेंटरचा आकडा दुसऱ्याशी ताडून घाबरण्यात किंवा खूश होण्यात अर्थ नाही.

इन्सुलिनच्या कामाचं चित्र काढणं आणखी लांबचं आहे. त्या बेटांना चिकटणारं किरणोत्सर्गी औषध देऊन पेट स्कॅन करण्याचे प्रयोग चालू आहेत, पण ते संशोधनापुरते. मिस्टरांसाठी रक्तातलं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि सी-पेप्टाइड (अंगात इन्सुलिन किती तयार होतं त्याची खूण) पुरेसं आहे.

नळीच्या भीतीबद्दल. पूर्वी स्वादुपिंडाची नळी बघायला ईआरसीपी करत, म्हणजे दुर्बीण तोंडातून आतड्यापर्यंत नेऊन नळीत रंग सोडत. त्यातून काही जणांना नवाच पॅन्क्रियाटायटिस व्हायचा. आता फक्त बघण्यासाठी ईआरसीपी करत नाहीत. खडा काढायचा असेल, नळीत स्टेंट टाकायचा असेल, तरच करतात. रस थेट गोळा करून बायकार्बोनेट मोजायची तपासणीही आहे. ती सगळ्यात नेमकी, पण नळी तासभर आत ठेवावी लागते आणि फार थोड्या ठिकाणी होते. तिसरी एंडोस्कोपिक सोनोग्राफी, यात दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते. एमआरआयनंतरही शंका उरली तर तुमचे डॉक्टर ती सुचवतील. ती गुंगी देऊन करतात. मिस्टरांना एवढंच सांगा की आत्ता सांगितलेली तपासणी बिननळीची आहे. पुढचं पुढे.

तर मी काय करीन? आधी इलास्टेज आणि शुगरच्या तपासण्या. त्याच आठवड्यात स्कॅन, पण चिठ्ठीत नुसतं एमआरसीपी नको. एमआरसीपीत पाणी दिसतं, मांस दिसत नाही. “पॅन्क्रियाजचा एमआरआय कॉन्ट्रास्टसह आणि एमआरसीपी” असं लिहून द्यायला तुमच्या डॉक्टरांना सांगा (कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध). कारण स्पष्टच लिहितो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाची तेरा किलो वजन घट आणि नवी शुगर, ही जोडी दिसली की आत गाठ नाही ना, याची खात्री करणं भाग असतं. जुनाट सूज एवढंच कारण असण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत मोठी आहे, दोनदा झालेला आजार त्याला पुरेसा आहे. पण बघितल्याशिवाय तसं गृहीत धरता येत नाही. टक्क्यांपेक्षा हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचं उत्तर नेहमीचा एमआरआय बऱ्यापैकी देतो. चित्रात नळी फुगलेली, खडे, आक्रसलेली ग्रंथी असं सगळं उघड दिसलं, तर सिक्रेटिन देऊन नवं काही हाती लागणार नाही. चित्र जवळजवळ नॉर्मल आणि तक्रारी मात्र खऱ्या, अशी परिस्थिती आली तर सिक्रेटिनच्या एमआरसीपीसाठी जरूर धडपड करा.

स्कॅनच्या दिवसाचं थोडं. चार ते सहा तास पोट रिकामं लागतं, आणि खर्रा तोंडात ठेवला तर ते पोट रिकामं धरत नाहीत, हे त्यांना आदल्या रात्रीच सांगा. उपाशीपोटी शुगरची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना आधी विचारा. कॉन्ट्रास्ट द्यायचा असेल तर किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट सोबत न्या. पेसमेकर, शरीरात राहिलेला धातूचा तुकडा, जुन्या ऑपरेशनच्या क्लिप, सगळं आधी सांगायचं. चित्र बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण मशीन नसतं, श्वास असतो. आतून सूचना येते, “श्वास सोडा, थांबा.” पंधरा-वीस सेकंद तसंच राहायचं. सिगारेट ओढणाऱ्यांना तेवढ्यातच खोकल्याची उबळ येते आणि चित्र हलतं. आदल्या दोन-तीन दिवशी घरीच घड्याळ लावून सराव करून घ्या. बंद जागेची भीती असेल तर तंत्रज्ञांना आधीच सांगा. हातात घंटीचा फुगा देतात, तो दाबला की बाहेर काढतात.

रिपोर्टमधल्या एका गोष्टीनं घाबरू नका. “केंब्रिज ग्रेड” असं काही लिहून येईल. 1983 साली केंब्रिजला तज्ज्ञांची बैठक झाली, तिथे नळीच्या चित्रावरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. ती पायरी घडणीची आहे. चित्र वाईट आणि पचन बरं, किंवा चित्र बरं आणि पचन वाईट, दोन्ही प्रकारची माणसं असतात.

आता खिचडी. यावर मला थोडं रागानं लिहावं लागेल, पण राग तुमच्यावर नाही. आजारपणात तेल-तूप बंद कर, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की कोणी विचारच करत नाही. तेल-तूप पूर्ण बंद केल्यावर संडास सुधारते, कारण आत चरबीच जात नाही. घरचे म्हणतात बरं वाटतंय, आणि वजन उतरतच राहतं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबरच अंगात शिरतात, तीही बंद होतात. मग हाडं ठिसूळ होतात. या आजारात आता चरबी तोडायची नाही, चरबी पचवायला मदत द्यायची, अशी पद्धत आहे. ही मदत एन्झाइमच्या कॅप्सूलची. इलास्टेज कमी आलं की डॉक्टर त्या सुरू करतील. मोठ्या जेवणाला साधारण 40,000 ते 50,000 युनिट लायपेज आणि नाश्त्याला त्याच्या निम्मं, असा नेहमीचा हिशेब असतो. नेमका डोस तेच ठरवतील.

कॅप्सूल घेण्याची वेळ चुकली तर औषध वाया जातं. पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवणाच्या मध्यावर उरलेली घ्यायची. जेवून, पान खाऊन, हात धुवून तासाभरानं घेतलेल्या कॅप्सूलची अन्नाशी गाठभेटच होत नाही. ती चावायची नाही. गिळता येत नसेल तर उघडून आतले दाणे दह्यात किंवा आंबटसर फळाच्या गरात मिसळून, न चावता गिळायचे. दुकानात बसून फरसाण, समोसा काही खाल्लं तर तिथेही कॅप्सूल हवी, म्हणून गल्ल्यात एक पाकीट ठेवायला सांगा. आणखी एक गोष्ट घरात आधी बोलून घ्या. ही एन्झाइम्स डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेली असतात. काही घरांत हे उशिरा कळतं आणि औषध अर्ध्यावर बंद पडतं. आधी कळलं तर निर्णय शांतपणे होतो.

खायला द्या तर काय? दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. वरण-भातावर चमचाभर तूप, दही, पनीर, अंडी खात असाल तर अंडी, भाकरी, भाजी नेहमीच्या फोडणीची. गोळाभातावर तेल घालायला हरकत नाही, कॅप्सूल आली की. सावजीच्या रश्शावर बोटभर तर्री मात्र सध्या नकोच. इतकी चरबी एका बैठकीत पचवायला कॅप्सूलही पुरत नाही. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी करा आणि लिहून ठेवा. कॅप्सूल लागू पडतेय की नाही हे माझ्या अनुभवात वजनाचा काटा स्कॅनपेक्षा लवकर सांगतो. महिन्याभरात वजन चढलं नाही तर डोस वाढवायला किंवा आम्ल कमी करणारी गोळी जोडायला डॉक्टरांना सांगा, कारण जास्त आम्लात ही एन्झाइम्स मरतात.

शुगरबाबत एक सावधगिरी. स्वादुपिंड बिघडल्यामुळे येणारा मधुमेह नेहमीच्या टाइप टूसारखा वागत नाही. साखर वाढवणारं ग्लुकागॉन हे हार्मोनही याच ग्रंथीचं, आणि तेही घटलेलं असतं. त्यामुळे इन्सुलिन किंवा काही गोळ्यांवर असताना दुकानाच्या गडबडीत जेवण चुकलं तर साखर पटकन खाली जाते आणि वर यायला वेळ लागतो. खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या. आणि कॅप्सूल सुरू झाल्यावर अन्न पचू लागतं, तेव्हा शुगर थोडी चढेल. ती कॅप्सूलची चूक नाही, गोळ्यांचा डोस तेव्हा पुन्हा बघावा लागतो.

सिगारेट आजच थांबायला हवी. दारूइतकीच तीही या आजाराला पुढे ढकलते, आणि खडे लवकर धरायला लावते. दारू सोडलेला माणूस हे करू शकतो, त्यांनी ते एकदा दाखवलं आहे. खर्ऱ्याचं स्वादुपिंडाशी नातं किती, या चर्चेत मी शिरत नाही. तोंडाच्या कॅन्सरचं कारण पुरेसं आहे.

सासूबाईंना सांगा की हैदराबाद पळून जात नाही. एमआरआय, इलास्टेज, शुगर आणि कॅप्सूल हे सगळं नागपुरात होण्यासारखं आहे. धंतोली-रामदासपेठेत स्कॅन सेंटरांची कमतरता नाही, आणि खर्चाची अडचण असेल तर मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटीत पोटविकाराच्या ओपीडीत जाता येईल. मोठे खडे निघाले आणि ते बाहेरून लहरींनी फोडायचे ठरलं, नळीत स्टेंट टाकायची वेळ आली, चित्रात गाठीचा संशय आला किंवा सिक्रेटिनची एमआरसीपी खरोखर लागली, तर तुमच्या डॉक्टरांना विचारून मोठ्या केंद्राला दाखवा, मग ते हैदराबाद असो की मुंबई. मात्र मध्येच ताप, थांबत नसलेल्या उलट्या, डोळे पिवळे किंवा पाठीत जाणारं जोराचं दुखणं असं काही झालं तर ना स्कॅनची तारीख बघायची ना रिझर्व्हेशनची, जवळच्या कॅज्युअल्टीत जायचं.

आणि बाहेर जाल तेव्हा फिल्मचा गठ्ठा नेऊन भागत नाही. सेंटरकडून स्कॅनची सीडी किंवा लिंक मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात, सीडीत सगळी असतात, आणि तिथला रेडिओलॉजिस्ट ती पुढेमागे करून बघतो. सोबत इलास्टेजचा रिपोर्ट, तारखेसकट लिहिलेलं वजन आणि कॅप्सूल कधी सुरू झाली त्याची नोंद ठेवा. हे सगळं फाइलला असलं तर तोच एमआरआय पुन्हा करायला सांगण्याची वेळ सहसा येत नाही.